चावी काढल्यावर

एप्रिल. उद्यमनगर, पत्र्याचं छप्पर, दुपारचे अडीच.
बाहेर एकोणचाळीस. बॉनेटखाली किती, ते विचारू नका.
धैर्यशील इंगवल्यांची गाडी चौथ्यांदा आलीय:
"सकाळी वाघबिळाचा चढ उडत चढतीया, अक्का,
दुपारी म्हशीगत बसतीया."

बसणारच.
सुपरचार्जर हवा गिळतो, दाबतो, आणि दाबलेली हवा तापते.
सायकलच्या पंपाचं बूड कधी धरलंय हातात? तेच.
तापली की विरळ होते, इंजिनाला धाप लागते,
कॉम्प्युटर भिऊन ठिणगी मागं ओढतो,
आणि एवढा महागाचा सुपरचार्जर
पट्ट्यावर नुसता शीळ घालत फिरतो.

काय काय केलं त्याची वही आहे.
हवेचं तोंड रेडिएटरच्या मागून काढून
पुढं बंपरात नेलं, डाव्या दिव्याखाली. सहा अंश.
पाइपावर काचेच्या धाग्याची पट्टी,
ओली करून, घट्ट, मोडक्या हाताला बांधावी तशी. तीन.
आठवडाभर मनगटं खाजत होती, ते वहीत नाही.
सुपरचार्जर आणि मॅनिफोल्डच्या मधे
बॅकेलाइटची चकती, आमच्याच लेथवर कातलेली.
दोन, कदाचित.
"कदाचित" पेन्सिलीनं लिहिलंय.

मग वडणग्याच्या एका बंद पडलेल्या डेअरीच्या भंगारात
दूध गार करायच्या प्लेटा मिळाल्या, स्टेनलेस,
फटींत अजून सायीचा वास.
जिथून म्हशीचं दूध जायचं
तिथून आता इंटरकूलरचं पाणी जातं,
आणि पलीकडून बर्फाचं:
डिकीत वीस लिटरचा कॅन, लक्ष्मीपुरीतली फोडलेली लादी.
अकरा!
अकराखाली दोन रेघा.
बर्फ केर्लीपर्यंतच पुरतो, ही गोष्ट वेगळी.

धावताना तक्रार नाही.
कावळा नाक्याला सिग्नल लागला की आकडा हलतो.
आणि सगळ्यात वाईट, चावी काढल्यावर.
पंखा थांबतो, पाणी थांबतं, वारा तर नाहीच,
आणि धातूत मुरलेलं सगळं
सावकाश वर येतं.
अठ्ठावन्न. चौसष्ट. एकाहत्तर.
इंजिन बंद आहे
आणि तापमान चढतंय.

आबा दारातल्या खुर्चीत.
एकतीस वर्षं शिरोलीत, भट्टीवर.
रंग बघून सांगायचे, रस ओता, नाहीतर थांबा.
घरी बसून दोन वर्षं झाली.
रोज तीनच्या सुमाराला सुरू होतं:
चहा गार का, पेपर कुणी चुरगाळला,
शेजारच्या चिवट्यांचं ड्रिल कशाला बोंबलतंय.
आई म्हणते, कामावर जात होते तेव्हा नव्हते असे.
मी वहीत बघते.
मग त्यांच्याकडं.

आज उठून आले. बॉनेटवर वाकले.
तळहात मॅनिफोल्डच्या वर टीचभर धरला, टेकवला नाही.
"अडुसष्ट."
मीटरवर एकाहत्तर.
"मीटर बघून घे तुझं."

मग बराच वेळ काही नाही.
मग, पाइपांकडं बघत:
"करंट काढला तरी कॉइलचं पाणी
आम्ही रात्रभर चालू ठेवायचो.
पाणी तोडलं की कॉइल गेली.
हिच्या पंपाला वेगळी वायर दे की."

एक रिले, एक टायमर, दीड मीटर वायर.
स्क्रू त्यांनीच आवळले, माझ्यावर विश्वास नाही.
गाडी वाशी नाक्यापर्यंत तापवून आणली, चावी काढली.
इंजिन गप्प, आणि आत कुठंतरी
पंप एकटाच गुणगुणत राहिला.

आबांनी वही ओढून घेतली, पेन्सिल कानामागून काढली.
दर मिनिटाला एक आकडा.
अठ्ठावन्न. साठ. एकोणसाठ.
"हलू नको, सावली पडतीया."
सत्तावन्न.

आईनं चहा आणून ठेवला.
त्यावर साय धरली.
छप्पन्न लिहिताना त्यांनी कप उचलला
आणि मीटरवरची नजर न काढता
तसाच पिऊन टाकला.